ऊन बाहेर, उजेड आत : चार्ल्स कोरियांचं आकाश आणि पुण्यातली घरं

घराच्या जाहिरातीत ‘भरपूर नैसर्गिक प्रकाश’ असं छापलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा मोठ्या काचा एवढाच असतो. पुण्यात अशी काच पश्चिमेला लागली की मार्चपासून दुपारी पडदा ओढावा लागतो, आणि पडदा ओढला की दिवसाढवळ्या ट्यूब लावावी लागते. म्हणजे उष्णता पदरात पडली आणि उजेड गेला. हा गोंधळ टाळायचा कसा, या प्रश्नावर ज्यांनी सगळी कारकीर्द काम केलं त्यांत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं नाव फार वरचं आहे. त्यांची एक महत्त्वाची वास्तू, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, पुण्यातच आहे.

कोरियांचा जन्म 1930 चा, सिकंदराबादचा. शिक्षण अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटीत. 1958 पासून त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. 2015 मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. काँक्रीट, सरळ रेषा, नक्षीकामाला फाटा ही आधुनिकतावादाची शिस्त त्यांनी घेतली, पण युरोपातली काचेची पेटी उचलून इथे ठेवायला ते तयार नव्हते. इमारतीचा आकार हवामानाने ठरावा, हे त्यांचं सूत्र.

ते समजण्यासाठी आधी थोडे आकडे पाहू. लक्स हे उजेड मोजायचं एकक. स्वच्छ दिवशी दुपारच्या थेट उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. पुस्तक वाचायला तीनशे लक्स पुरतात. पावसाळ्यात भरून आलेल्या आभाळाखालीसुद्धा दहा-वीस हजार लक्स सहज मिळतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत उजेडाचं गणित करताना बाहेर फक्त 8,000 लक्स धरतात आणि त्यातला स्वयंपाकघरात अडीच टक्के, अभ्यासाच्या जागी 1.9 टक्के पोहोचला पाहिजे म्हणतात. म्हणजे ओट्यावर 200 लक्स आणि टेबलावर साधारण 150. लंडनच्या वास्तुविशारदाला उजेड गोळा करावा लागतो. आपल्याकडे तो अती आहे. इथलं काम गाळण्याचं: आभाळाचा पसरलेला उजेड घ्यायचा आणि सूर्याचा थेट किरण आत येण्याआधी कुठे तरी अडवायचा.

कोरियांच्या इमारतींत ही गाळणी प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते.

साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय (1963) हे सगळ्यांत साधं उदाहरण. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौकोन, त्यांवर कौलांची पिरॅमिडसारखी छपरं. काही चौकोन भिंतींनी बंद, काही नुसते छप्पर घातलेले, काही आकाशाला उघडे. खिडक्यांना काच नाही. उघडमीट करता येणाऱ्या लाकडी झडपा आहेत. अशा झडपांचं गणित सोपं असतं. आडव्या पट्ट्यांची खोली आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर सारखं ठेवलं, समजा दोन्ही 10 सेंटीमीटर, तर 45 अंशांपेक्षा वरून येणारं सगळं ऊन अडतं, आणि जमिनीवरून, अंगणातून परतलेला उजेड पट्टीच्या खालच्या बाजूवर आपटून खोलीत जातो. पट्टीची खालची बाजू फिकट रंगवायची ती याचसाठी.

अहमदाबादच्या ‘ट्यूब हाउस’मध्ये (1961–62) उजेडापेक्षा हवेची सोय अधिक होती. लांबट, अरुंद घर, उतरतं छप्पर. गरम हवा छताच्या आतल्या बाजूने वर सरकत माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. ते घर 1995 मध्ये पाडलं गेलं. त्यातली कल्पना मात्र त्यांनी त्याच शहरातल्या पारेख हाउसमध्ये पुढे नेली. तिथे घराचे दोन छेद, म्हणजे उभ्या कापातले आकार, आहेत: एक खाली रुंद आणि वर मिटत जाणारा, उन्हाळ्यातल्या दुपारसाठी, दुसरा उलटा, वर आकाशाकडे उघडत जाणारा, हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळींसाठी. राहणाऱ्यांनी दिवसाच्या वेळेप्रमाणे घरातल्या घरात जागा बदलायची. आग्र्याच्या किल्ल्याचा दाखला ते देत असत: उन्हाळ्यात सकाळी अंगणावर शामियाना ताणून रात्रीचा गारवा खाली कोंडायचा, संध्याकाळी तो काढून गच्चीवर जायचं, थंडीत याच्या उलट.

पुण्याला हे मुंबईपेक्षा जास्त लागू पडतं. मार्च-एप्रिलमध्ये इथे दिवसाचं आणि रात्रीचं तापमान पंधरा अंशांहून जास्त वेगळं असतं. उघडी गच्ची आणि अंगण रात्री आकाशाकडे उष्णता सोडून गार होतात. मुंबईत रात्रही दमट असते, तिथे भिस्त वाऱ्यावर. म्हणूनच मुंबईत कोरियांचं उत्तर बदललं. कांचनजंगा या 28 मजली इमारतीत घरांची तोंडं पूर्व-पश्चिम आहेत, कारण समुद्र आणि वारा पश्चिमेला. पण भाजणारं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा पश्चिमेलाच. जुन्या बंगल्यांनी यावर चारी बाजूंनी व्हरांडा हे उत्तर काढलं होतं. कोरियांनी तो व्हरांडा कोपऱ्यात गोळा करून दोन मजली उंचीची बाग-गच्ची केली. ऊन तिथे अडतं आणि मागच्या खोलीत फक्त उजेड पोहोचतो.

त्यांचं सगळंच काम या कसोटीला उतरतं असं नाही. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधल्या जीवन भारती इमारतीला (1986) काचेचा मोठा पडदा आहेच.

आता आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठ केंद्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही वास्तू 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाली. जयंत नारळीकर तिथले संस्थापक संचालक. इमारती एका खोलगट कुंडाभोवती मांडल्या आहेत. कुंडाला उतरत्या पायऱ्या, आणि आत न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे. पण उजेडाच्या दृष्टीने भिंतीजवळ थांबून पाहावं. खाली इथलाच काळा बेसॉल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. खालचा खडबडीत दगड उजेड गिळतो, वरच्या गुळगुळीत पट्टीत आभाळ आणि ढग उमटतात. त्यामुळे भिंत संपते कुठे आणि आकाश सुरू कुठे होतं, हे चटकन कळत नाही. अंतराळाचा काळोख दाखवण्यासाठी केलेली ही योजना आहे आणि ती जमली आहे.

घराच्या चौकात मात्र तिची नक्कल करू नये. काळा दगड दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, नेमकं आपण बाहेर बसतो तेव्हा, ती उष्णता परत देतो. शिवाय चौकाच्या भिंती हे घरातल्या उजेडाचं मुख्य साधन असतं. चुन्याची पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला सत्तर-ऐंशी टक्के परत पाठवते, काळा दगड जेमतेम दहा टक्के. उलट टोकही त्रासाचं आहे. दुपारच्या उन्हातली पांढरीफेक भिंत खिडकीसमोर आली की डोळे दिपतात आणि खोली आहे त्याहून अंधारी वाटते. भिंतीचा वरचा भाग पांढरा आणि बसल्यावर नजरेसमोर येणारा खालचा दीड मीटर मातकट किंवा वेलींनी झाकलेला, ही मधली वाट बरी.

आता पुण्याचा सूर्य. शहर साधारण 18.5 अंश उत्तरेला आहे. मध्यान्हीचा सूर्य 21 डिसेंबरला दक्षिण क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या 21-22 च्या सुमारास 71.5 अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो माथ्याच्याही पलीकडे, किंचित उत्तरेला जातो. आणखी एक गोष्ट नकाशे काढताना हमखास विसरली जाते: पुण्यातली खरी मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. प्रमाणवेळेची रेषा आपल्या बरीच पूर्वेला असल्यामुळे ती सरासरीने 12:35 ला होते. सावली मोजायची तर या वेळेला मोजावी.

यावरून छज्जा काढू. दक्षिणेची खिडकी 120 सेंटीमीटर उंच, छज्जा तिच्या वरच्या कडेला लागून, बाहेर 60 सेंटीमीटर. मार्चमध्ये हा छज्जा 180 सेंटीमीटर खालपर्यंत सावली पाडतो, म्हणजे खिडकी पूर्ण झाकून वर शिल्लक. डिसेंबरमध्ये सावली 67 सेंटीमीटर, म्हणजे खालच्या 53 सेंटीमीटरमधून थंडीचं ऊन आत. हेच हवं असतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या खिडकीत मध्यान्हीचं ऊन शिरत नाही. पण आपली ऑक्टोबर हीट मध्यावर संपत नाही, म्हणून शक्य तिथे छज्जा 75 सेंटीमीटर घ्यावा. तो ऑक्टोबर अखेरपर्यंत निभावतो आणि डिसेंबरात तरीही 37 सेंटीमीटर ऊन आत सोडतो. इमारतींवर नेहमी दिसणारा 45 सेंटीमीटरचा छज्जा पावसाचे थेंब अडवतो, उन्हाला पुरत नाही. छज्जा खिडकीएवढाच रुंद ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. सूर्य सकाळ-दुपार तिरका असतो, तेव्हा दोन्ही बाजूंना किमान 30 सेंटीमीटर जास्त घ्यावं.

पश्चिमेला हे गणित कोसळतं. तोच 60 सेंटीमीटरचा छज्जा मार्चमध्ये दुपारी पावणेपाचच्या सुमारास फक्त 33 सेंटीमीटर सावली देतो, पावणेसहाला 15. तिथे छज्जा मीटरभर वाढवूनही उपयोग नाही, ऊन समोरून येतं. कोरिया पश्चिमेला एखादा थरच का उभा करतात, त्याचं कारण इतकंच आहे. व्हरांडा, खोल गच्ची, जिना, भिंतीतली कपाटं, बाथरूम, काहीही चालेल, पण काच आणि पश्चिमेचं ऊन यांच्यामध्ये एक जागा हवी. तयार फ्लॅटमध्ये ती नसेल तर बांबूची चिक लावावी, आणि ती काचेच्या बाहेर. आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते, कारण ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं.

उत्तरेची खिडकी ‘बिनउन्हाची’ असते, हे वाक्य युरोपातल्या पुस्तकांतून आलं आहे. पुण्यात मार्चनंतर सकाळी लवकर आणि संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतंच; जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून 25 अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात म्हणून ते जाणवत नाही, एप्रिल-मेमध्ये जाणवतं. उपाय स्वस्त आहे: खिडकीच्या दोन्ही बाजूंना 30 सेंटीमीटर बाहेर येणारी उभी पट्टी. जूनमध्ये सकाळी साडेसातच्या सुमारास ती 85 ते 90 सेंटीमीटर रुंदी झाकते.

चौक ही कोरियांची सगळ्यांत आवडती गोष्ट. नवी मुंबईतल्या बेलापूरच्या वसाहतीत (1983–86) त्यांनी 45 ते 75 चौरस मीटरच्या छोट्या भूखंडांवरसुद्धा प्रत्येक घराला स्वतःचं उघडं अंगण दिलं, आणि सात घरांमध्ये मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचा सामायिक चौक. त्यांचा हिशेब व्यवहारी होता: आपल्या हवामानात स्वयंपाक, झोप, गप्पा, मुलांचं खेळणं यातलं बरंच काही वर्षातले बरेच महिने उघड्यावर होऊ शकतं, मग बांधकामाचा खर्च न करता मिळालेली ती खोलीच. पेठांतल्या वाड्यांना हे ठाऊक होतं. वाड्यांविषयी हळवं होण्याचं मात्र कारण नाही. चौकाभोवतीचा सोपा उजळ असायचा, त्याच्या मागचं माजघर भरदुपारी काळोखं. एका बाजूनेच उजेड मिळणाऱ्या खोलीत तो खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पटीपर्यंतच पोहोचतो. सात फुटांवर चौकट असेल तर साडेचार-पाच मीटर, पुढे नाही. खोली दोन्ही बाजूंनी उघडी हवी, नाहीतर खिडकीची वरची कड उचलायला हवी. खिडकी रुंद करण्यापेक्षा ती 30 सेंटीमीटर वर नेणं कधीही फायद्याचं.

नव्या बंगल्यात चौक किती मोठा हवा? बैठं घर, भिंत तीन मीटर, चौक तीन बाय तीन: मार्चच्या मध्यान्हीला दक्षिणेच्या भिंतीची सावली एक मीटर, बाकी फरशीवर ऊन. डिसेंबरमध्ये सावली 2.7 मीटर, म्हणजे फरशी जवळजवळ सावलीत, पण उत्तरेची भिंत उजळलेली, आणि तिच्यामुळे घर उजळ. आता त्याच चौकाभोवतीचं घर बैठं न ठेवता दोन मजली केलं तर डिसेंबरचं ऊन उत्तरेच्या भिंतीवर जमिनीपासून 2.7 मीटरच्या खाली येतच नाही. तळमजला आठवडेच्या आठवडे दमट राहतो. दोन मजल्यांना निदान साडेचार मीटर धरावेत. सोसायट्यांतल्या दीड मीटरच्या डक्टला कुणी चौक म्हणत नाही, पण त्यात खिडक्या मात्र सोडलेल्या असतात. पाच मजली डक्टच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं तर आकाशाची जेमतेम सहा अंशांची पट्टी दिसते. तिथून पाइप नेता येतात, उजेड आणता येत नाही.

चौक बिघडतो तो बहुतेक पाण्यामुळे. तीन बाय तीनच्या चौकात तासाला 100 मिलिमीटरची सर आली तर 900 लिटर पाणी होतं. 110 मिलिमीटरचा एक पाइप ते सहज वाहून नेतो, पण एकाच तोंडावर भरवसा ठेवू नये: पानं अडकतात आणि पाणी दिवाणखान्यात येतं. दोन तोंडं, जाळीसकट. फरशी आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा 15 सेंटीमीटर खाली, उतार मीटरला एक सेंटीमीटर. खाली स्लॅब असेल तर वॉटरप्रूफिंग भिंतीवर 30 सेंटीमीटर चढवून घ्यावं, आणि फरशी बसवण्याआधी 48 तास पाणी साठवून बघावं. कंत्राटदार ही चाचणी टाळू पाहतात, कारण गळती निघाली तर काम पुन्हा करावं लागतं.

दुसरा बिघाड माणसांचा. पहिल्या पावसाळ्यानंतर चौकावर पॉलीकार्बोनेटची शीट पडते. गरम हवा खाली अडकते, वारा थांबतो, शीट काही वर्षांत पिवळी पडते आणि जोडांतून पाणी गळतं ते गळतंच. झाकायचंच असेल तर छप्पर कठड्यापासून 45 ते 60 सेंटीमीटर वर उचलावं, चारी बाजूंना झडपा ठेवाव्यात, कडा भिंतीबाहेर न्याव्यात. कबुतरांसाठी झडपांना जाळी लावावीच लागते, आणि ती वर्षातून एकदा धुवावी लागते, कारण धुळीने भरलेली जाळी हवा आणि उजेड दोन्ही खाते.

स्लॅबला भोक पाडून आडवी काच बसवणं, म्हणजे स्कायलाइट, हा पुण्यातला वाईट सौदा आहे. एप्रिलच्या दुपारी एक चौरस मीटर साध्या काचेतून पाऊण किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते. त्याऐवजी स्लॅबचा एक भाग 60 सेंटीमीटर वर उचलून उत्तरेकडे उभी झडपेची खिडकी करावी. वरचा उजेड तोच मिळतो, गरम हवा बाहेर जाते आणि पावसाला उभी काच सांभाळणं सोपं असतं. भोपाळच्या भारत भवनात (1982) कोरियांनी जमिनीत उतरलेल्या दालनांना वरूनच उजेड दिला आहे, पण काँक्रीटच्या घेरातून आणि गच्चीच्या कठड्यालगतच्या फटींतून: किरण आधी काँक्रीटवर आपटतो, मग चित्रांपर्यंत पोहोचतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या हातात यातलं थोडंच असतं, पण आहे ते बाल्कनीपासून सुरू होतं. दीड मीटरची बाल्कनी काचेने बंद करून दिवाणखान्यात घेतली की खोली दीड मीटरने खोल होते आणि उजेडाची पोहोच तीच राहते. मागचं जेवणाचं टेबल अंधारात जातं. वर ती काच उन्हाळ्यात तापते. बाल्कनी उघडीच ठेवावी, तिचं छत पांढरं रंगवावं, फरशी मध्यम फिकट ठेवावी. बाल्कनीच्या फरशीवरून उसळलेला उजेड घरातल्या छतावर जातो, म्हणून आतलं छत पांढरं हवं आणि खिडकीच्या वर खोल पेल्मेट (पडद्याची दांडी झाकणारी पेटी) नको. ड्राय बाल्कनीत माळा आणि जुनी खोकी भरलेली असतील तर स्वयंपाकघरातला उजेड तिथेच अडलेला असतो.

कुठलाही बदल करण्याआधी मोजून घ्यावं, आणि त्यासाठी जुलै उत्तम. आभाळ एकसारखं भरलेलं असताना फोनवरच्या लक्स मीटरने आधी गच्चीवर आणि लगेच ओट्यावर किंवा टेबलावर मोजावं. फोनचा आकडा नेमका नसतो, पण दोन आकड्यांचं प्रमाण कामापुरतं बरोबर येतं. गच्चीवर 12,000 आणि ओट्यावर 120 आले तर तो एक टक्का. स्वयंपाकघराला अडीच हवेत. उन्हाच्या दिवशी ही मोजणी करू नये, ढगाआड सूर्य गेला-आला की आकडे उड्या मारतात. उन्हासाठी वेगळी नोंद ठेवावी: डिसेंबर, मार्च आणि मे महिन्यांत सकाळी नऊ, 12:35 आणि पावणेपाच वाजता फरशीवर उन्हाचा चौकोन कुठे पडतो, तिथे खडूने खूण आणि शेजारी तारीख. वास्तुविशारदाशी बोलताना हे नऊ चौकोन कुठल्याही त्रिमिती चित्रापेक्षा जास्त उपयोगी पडतात.